कालच्या तारखेची परवानगी

बंदूक हर्बर्टच्या हातात दोन दिवसांत आली. ती चालवायची परवानगी मात्र तीन आठवडे झाले तरी येईना.

बंदूक तशी छर्ऱ्याचीच. रास अल खोरमधल्या, कीड-पाखरं हटवणाऱ्या कंपनीच्या गाळ्यात, औषधाच्या पिंपांमागे, लोखंडी कपाटात कुलपाखाली ठेवलेली. परवाना कंपनीच्या नावाचा, आणि त्याला अट चिकटलेली: ज्या जागेत पाखरं मारायची त्या जागेच्या मूळ मालकाची लेखी संमती हवी. भाडेकरूची चालत नाही, भाडेकरूच्या मॅनेजरची तर नाहीच नाही.

"हर्बर्ट, एक सही आणायचीय, राज्य जिंकून नाही आणायचं," शैलेंद्र म्हणाला. शैलेंद्र म्हणजे कंपनीचा मॅनेजर, पुण्याचा, हर्बर्टहून बारा वर्षांनी लहान, एका कानाला कायम फोन. "अवीरला फार्मवर चाऱ्याचं गोडाऊन आहे. क्लायंट म्हणजे गोडाऊनचा भाडेकरू, तो वेडा झालाय. पारव्यांची घाण चाऱ्यात पडते, बकऱ्या आजारी पडतात. ते जाळी-बिळी सगळं ट्राय करून झालं. हे काँट्रॅक्ट आलं की तुझं प्रोबेशन कन्फर्म, व्हिसा स्टॅम्प. नाही आलं तर माझ्या हातात काही नाही, बॉस. यल्ला, निघ आता."

हर्बर्ट वसईजवळच्या भुईगावचा. अकरा वर्षं इथे, अरबांच्या मुलखात, एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट कॅप्टन होता. पाचशे पानांची पंगत नुसत्या भुवईच्या इशाऱ्यावर उठवायचा. मग मंदीचं ते वर्ष आलं. शहरभरच्या क्रेन एका महिन्यात जागच्या जागी थांबल्या, बोलता बोलता हात वर करावा आणि पुढचा शब्दच आठवू नये तशा. हॉटेलातले मेळावे थांबले, पंगती थांबल्या. हर्बर्टला एचआरच्या बाईनं खुर्चीवर बसवून पाणी दिलं, तेव्हाच त्याला कळलं. इतकी वर्षं लोकांना पाणी देणारा तो होता. मग मिळाली ती ही नोकरी, तीही प्रोबेशनवर.

व्हिसा रद्द झाला की घरच्यांचाही होतो. ब्रिजिट, त्याची बायको, आणि कॅमिला, त्याची मुलगी, दोघी त्याच्या एका शिक्क्याला टांगलेल्या. कॅमिलाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये. जानेवारीच्या अखेरीला नवा शिक्का उमटला नाही तर तिघांनी उठायचं आणि निघायचं. आणि परीक्षेच्या तोंडावर उठवलेल्या मुलीला वसईत कोण बसवून घेणार? डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर कॅलेंडर होतं, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे. ब्रिजिटनं त्याच्यावर टॉवेल टांगायला सुरुवात केली होती.

"मार्चपर्यंत काढ रे बाबा," ती म्हणायची. "पुढचं मारियामाय बघेल."

*

पहिल्यांदा गेला तेव्हा मजलिसमध्ये बसला. मजलिस म्हणजे पाहुण्यांची खोली. गालिचा, भिंतीकडेनं लोड, आणि दारातून दिसणारी खजुरांची रांग. जागेचा मालक अबू सुहैल, सत्तरीपलीकडचा, कोरड्या शेंगेसारखा बारीक. त्याचा राखणदार कॉफी ओतत होता. त्या लोकांची कॉफी, गहवा. वेलचीच्या वासाची, घोटभर कपातून. हर्बर्टनं एक कप प्याला. राखणदारानं दुसरा ओतला. तो प्याला, तिसरा आला. हर्बर्ट बँक्वेटचा माणूस, समोर आलेलं परत करणं त्याच्या रक्तात नव्हतं. चौथ्याला राखणदार खाली वाकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "मेल्या, कप हलव. नायतर हा बंदा मगरीबच्या नमाजापर्यंत ओतत ऱ्हाईल."

हर्बर्टच्या हातातला कप तसाच राहिला. "तुम्ही मराठी?"

"दापोलीचा. बदरुद्दीन. आधी हलव, मग बोल."

कप डावी-उजवीकडे हलवला की पुरे. नुसतं 'नको' म्हटलं तर ते लाजणं समजतात. हे ज्ञान हर्बर्टला अकरा वर्षांनी त्या दिवशी मिळालं. बाहेर आल्यावर बदरुद्दीन पोट धरून हसला. "वसईकर आणि फुकटची कॉफी! सोडतोस होय?"

"दापोलीकरानं ओतायचं थांबवलं नाही, त्याचं काय?"

असं त्यांचं जुळलं. परक्या मुलखात आपल्या बोलीतला माणूस भेटला की घसा आधी ओला होतो आणि डोळे मग. बदरुद्दीन सत्तावीस वर्षं त्या फार्मवर होता. अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, मुलांना त्यानं खांद्यावर खेळवलं होतं. आता ती मुलं शहरात राहत, आणि शेजारच्या तुकड्यावर त्यांनी सुरू केलेले बंगले सळया वर काढून अर्धवट उभे होते.

दुसऱ्या खेपेला बदरुद्दीननं तो संमतीचा कागद वाचून दाखवला. अबू सुहैलनं शेवटपर्यंत ऐकलं. मग दारातून गोडाऊनच्या पत्र्याकडे पाहिलं. पारवे तिथे ओळीनं बसले होते, उन्हात माना फुगवून. म्हातारा म्हणाला, "इन्शाल्ला."

हर्बर्ट खुशीत बाहेर आला. बदरुद्दीन खुशीत नव्हता.

"हो म्हणायचं असतं तर त्यानं पेन मागितलं असतं."

"मग नाही म्हणाला?"

"दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत हे लोक. लाज आहे त्यांच्यात ती. तू ऐकायचं, समजायचं, आणि आपल्या पायानं उठायचं."

"आणि मी नाही समजलो तर?"

"तर तो तुला कॉफी पाजत ऱ्हाईल आणि तू माझ्यासारखा म्हातारा होशील." मग तो हसायचा थांबला. "ऐक हर्बट. ते छप्पर त्यानं स्वतःच्या हातानं चढवलंय. तो म्हणतो, माझ्या छपराखाली शिरलं ते माझ्या आसऱ्याला. बकरी असो, पारवा असो. मी पण तसाच शिरलो होतो. तुला पोरीची परीक्षा आहे, मला कळतं. मी बोलून बघतो त्याच्याशी. पुन्हा नीट जाळी लावू, पिंजरे लावू, पकडून लांब सोडू. पण मी असल्याशिवाय येऊ नको."

परतीच्या वाटेवर, व्हॅनच्या काचेवर वाळू खरखरत असताना, हर्बर्टला आईचं जातं ऐकू आलं. आई तांदूळ दळताना गायची:

*पारवा घुमतो, माझ्या घराच्या आढ्याला*
*त्याच्या जिवाचा गं भार, घरधन्याच्या माथ्याला*

भुईगावात तोही बंदूक घेऊन हिंडलेला. केळीच्या वाड्यांत होले मारायचा. तिथली परवानगी कशी, तर कुंपणाशी उभं राहून हाळी द्यायची, "काका, होला मारतो हां!" आणि आतून आवाज यायचा, "मार, पण केळीला लागला तर तुझ्या बापाला सांगीन!" कागद नाही, सही नाही. पण घराच्या वळचणीतल्या पाखराला हात लावायचा नाही, हे मात्र हाळी न देताही ठाऊक असायचं.

*

बुधवारी शैलेंद्रनं त्याला बोलावलं. या वेळी फोन टेबलावर उलटा ठेवलेला. त्याचीच हर्बर्टला भीती वाटली.

"क्लायंटनं दुसऱ्या कंपनीला बोलावलंय. आपल्याला उद्याचा दिवस आहे. बंदूक घेऊन जा, सही घे, काम कर, फोटो पाठव. मला वरून प्रेशर आहे, हर्बर्ट. उद्या झालं नाही तर रविवारी येऊ नकोस, प्लीज. मला तुझ्या तोंडावर सांगायला लावू नकोस."

गुरुवारी सकाळी दहा वाजता तो फार्मवर पोचला. बदरुद्दीन नव्हता. डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, तो दाखवायला शहरात गेला होता; दुपारी येईल, असं भाडेकरूच्या माणसानं सांगितलं. हर्बर्ट व्हॅनमध्ये बसला. दहा मिनिटं बसला. बदरुद्दीनचे शब्द त्याला स्पष्ट आठवत होते, हे पुढे तो स्वतःशी कधी नाकारू शकला नाही.

मग कागद घेतला आणि एकटाच मजलिसमध्ये गेला.

अबू सुहैल एकटा होता. त्यानं स्वतः उठून कॉफी ओतली, थेंबभर गालिच्यावर सांडली. हर्बर्टकडे हॉटेलात उचललेलं अरबी होतं: सुप्रभात, या, बसा, मासा की कोंबडी. त्या पुंजीवर माणसाला काय मागता येतं? त्यानं कागद पुढे धरला. पत्र्याकडे बोट दाखवलं. पाखरं उडतात तसा हात केला, मग तो हात खाली पाडला. मग, लाज सोडून, पाकिटातला कॅमिलाचा गणवेशातला फोटो काढला आणि म्हणाला, "बिंत. मदरसा." मुलगी. शाळा.

म्हाताऱ्यानं फोटो बराच वेळ पाहिला, परत दिला. कागद घेतला, घडी घातली, आणि आपल्या लोडाखाली सरकवला. मग दोन्ही तळवे एकमेकांवर झाडले, पीठ झाडावं तसे, आणि म्हणाला, "खलास."

"खलास?" हर्बर्टनं विचारलं.

"खलास, खलास." आणि त्यानं पुन्हा कॉफी ओतली.

आता हा शब्द त्या देशात कोण बोलत नाही? भाजीवाला बोलतो, टॅक्सीवाला बोलतो, ब्रिजिट कुकरची शिटी झाली की बोलते. झालं, ठरलं, पुरे, बास, संपलं, मिटलं, सगळ्याला तो एकच शब्द. आणि हर्बर्टच्या कानाखाली तर त्याचा आणखी एक जुना अर्थ झोपलेला, भुईगावातला: होला पडला की पोरं ओरडायची, खलास! म्हाताऱ्यानं कागद घेतला होता. परत दिला नव्हता. तळवे झाडले होते. माणसाला घाई असली की शब्दातला हवा तो अर्थ हात जोडून पुढे येतो, आणि नको तो मागच्या मागे निघून जातो.

व्हॅनशी येऊन त्यानं शैलेंद्रला फोन केला. "मिळाली."

"सही?"

"कागद त्यांच्याकडे आहे. तोंडी हो म्हणाले. खलास म्हणाले."

"मग करून टाक. कागद संध्याकाळी घेऊन ये."

*

गोडाऊन मजलिसपासून लांब, खजुरांच्या पलीकडे. भाडेकरूच्या माणसानं दार उघडलं आणि बाहेरून लावून घेतलं. आत वाळलेल्या चाऱ्याचा गोड वास, पत्र्याच्या भोकांतून पडलेले उन्हाचे कवडसे, आणि वर छपराच्या लोखंडी कैचीवर पारवे. घुमत होते. दळण चालल्यासारखा आवाज, जाडा, गोल.

हर्बर्टनं बंदुकीची नळी खाली वाकवून छर्रा घातला. हाताला वाडीतलं सगळं आठवत होतं. पहिला पडला तेव्हा बाकीचे फडफडून उडाले, पत्र्याला धडकले, पुन्हा त्याच कैचीवर बसले. जातील कुठे? त्यांना माहीत असलेलं छप्पर तेवढंच. छर्ऱ्याच्या बंदुकीचा आवाज मोठा नसतो, कोणी जीभ टाळूला लावून टक् करावं एवढा. टक्. आणि मग चाऱ्यावर काहीतरी मऊ पडल्याचा आवाज. दीड तास हे दोनच आवाज. घुमणं विरळ होत गेलं, आणि एका क्षणी त्याच्या लक्षात आलं की थांबलंय.

पूर्ण थांबलं नव्हतं. कामाच्या यादीत शेवटी लिहिलेलं होतं, 'घरटी काढणे.' शिडी लावून तो वर चढला. काड्यांमध्ये पिवळ्या लवीची, चोचच मोठी असलेली पिल्लं होती. त्याची सावली पडताच त्यांनी चोची उघडल्या. सावली म्हणजे आई एवढंच त्यांना ठाऊक. हर्बर्ट शिडीवर किती वेळ उभा होता कोण जाणे. पण आया तर खाली पडलेल्या होत्या. आता यांना ठेवणं म्हणजे दोन दिवसांचं मरण. त्यानं ते अंगठ्यानं केलं, एकेकाचं. त्याचा अंगठा त्या दिवसानंतर त्याच्याच हाताचा राहिला नाही.

एक पारवी मात्र पत्र्याच्या फटीतून बाहेर निसटली होती. पंख मोडलेला. भरकटत गेली, खजुरांवरून, आणि मजलिसच्या उंबऱ्यापुढे पडली.

*

दार उघडून तो दोन काळ्या पिशव्या ओढत बाहेर आला, तेव्हा ऊन कललं होतं. समोर अबू सुहैल उभा होता. त्याच्या दोन तळव्यांत ती पारवी होती, अजून मान हलवणारी. बाजूला बदरुद्दीन, नुकताच आलेला, डोळ्यांत औषध घातल्यानं भरल्या डोळ्यांचा.

म्हातारा हळू आवाजात काहीतरी बोलला.

"तो विचारतो," बदरुद्दीन म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. सकाळी. कागद घेतला आणि खलास म्हणाले. दोनदा म्हणाले, बदरुभाय. मी विचारलं पण."

बदरुद्दीननं ते अरबीत सांगितलं नाही. तो हर्बर्टकडे वळला. "अरे, खलास म्हणजे बास. हा विषय बास. त्यानं तुझा कागद ठेवून घेतला, तुला रिकाम्या हातानं उठायची लाज वाटू नये म्हणून. वर कॉफी ओतली. तुला काय वाटलं? आपल्याकडचं खलास?"

"मला वाटलं..." हर्बर्ट बोलायला लागला आणि थांबला. काय वाटलं होतं? ते त्याला शोधूनही सापडेना. जिथे ते असायला हवं होतं तिथे कॅमिलाचा फोटो होता आणि बुधवारचा उलटा ठेवलेला फोन होता.

"मी तुला सांगितलं होतं," बदरुद्दीन म्हणाला. "मी नसताना येऊ नको."

"सांगितलं होतं."

मग बदरुद्दीननं सगळं म्हाताऱ्याला सांगितलं. किती सांगितलं, काय गाळलं, हर्बर्टला कळायला मार्ग नव्हता. अबू सुहैलनं पिशव्यांकडे पाहिलं. पारवी बदरुद्दीनच्या हातात दिली. अंगातल्या लांब झग्याच्या, कंदुऱ्याच्या, खिशातून लोडाखालचा तो घडी घातलेला कागद काढला, हर्बर्टच्याच शर्टाच्या खिशातलं पेन काढून घेतलं, गुडघ्यावर कागद ठेवून, वाकून, सावकाश सही केली. मग एक वाक्य बोलला.

"तारीख घाल म्हणतो," बदरुद्दीन म्हणाला. "आजची नको. कालची."

"का?"

"सही नसताना तू इथे बंदूक चालवलीस. कोणी तक्रार केली तर तू आत जाशील. त्याच्या दारात कॉफी प्यालेला माणूस त्याच्या दारातून तुरुंगात गेला, असं त्याला व्हायला नको." बदरुद्दीनचा आवाज कोरडा होत गेला. "आता विचारलं कोणी, तर तो सांगेल, मी काल हो म्हटलं होतं. आसऱ्याचे पारवे मीच मारायला दिले. मुलांना सांगेल, मशिदीत सांगेल. या वयात खोटं बोलेल. तुझ्यासाठी."

हर्बर्टच्या हातात कागद होता. फाडता आला असता. म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवता आला असता, म्हणता आलं असतं की नको, माझं पाप माझ्याकडे राहू द्या. दोघे वाट बघत होते असं त्याला वाटलं, कदाचित नव्हतेही. त्यानं पेन घेतलं आणि बुधवारची तारीख घातली. अक्षर चांगलं आलं.

अबू सुहैल पाठ फिरवून खजुरांमधून निघून गेला. हर्बर्टनं पिशव्या व्हॅनमध्ये ठेवल्या, बंदूक पेटीत ठेवली. बदरुद्दीन फाटकाशी उभा होता, पारवीची मान आता त्याच्या बोटांवरून लोंबत होती.

"बदरुभाय," हर्बर्ट म्हणाला. "पोरीची परीक्षा झाली की मी येईन. माफी मागायला. तुम्ही मला अरबीत शिकवा, कसं म्हणायचं."

बदरुद्दीननं त्याच्याकडे पाहिलं, रस्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

"चलो भाई," तो हिंदीत म्हणाला. "गेट बंद करना है."

*

शैलेंद्रनं कागद उजेडात धरून पाहिला. "अरे, कालच मिळाली होती? मग आज सकाळी मला टेन्शन कशाला दिलंस!" त्यानं पाठीवर थाप मारली. "मस्त काम. या म्हाताऱ्या मालकांकडून सही काढणं कोणाला जमत नाही. पासपोर्ट दे तिघांचे. आणि हे बघ, खवानीजला तीन फार्म्स आहेत, एक शारजाहच्या रस्त्यावर. तूच सांभाळ आता."

घरी ब्रिजिटनं दारातच त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तारखांवरचा टॉवेल काढला. कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूस केला. रडली. कॅमिला आतून आली, कानात इअरफोन, हातात जीवशास्त्राचं पुस्तक.

"डॅडा, सो वी आर स्टेइंग?"

"हो गो बाय."

"टिल मार्च?"

"व्हिसा तीन वर्षांचा असतो," ब्रिजिट डोळे पुसत म्हणाली. "पूर्ण तीन वर्षं!"

हर्बर्ट मोरीत गेला आणि नळ सोडला. बाहेर दोघी हसत होत्या, बऱ्याच महिन्यांनी. ब्रिजिटनं विचारलं, चहा टाकू का. तो हो म्हणाला. मग साबण घेऊन अंगठा धुवायला लागला. चहा झाला, ब्रिजिटनं हाक मारली, कॅमिलानं दार वाजवलं, आणि आतून पाण्याचा आवाज येतच राहिला.